एक माणूस जास्त

१

तीस माणसं नाहीशी झाली होती, आणि बोरीखेडच्या बौद्धवाड्यात अजून कोणाला त्याचा पत्ताही नव्हता.

पत्ता लागला तो ताराबाई नगराळे यांना. सत्त्याण्णव सालची बुद्धपौर्णिमा दुसऱ्या दिवशी होती. प्रिंटरमधून टरटरत निघालेला लांबलचक कागद विहाराच्या फरशीवर पसरून, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणून ताराबाई तो तपासत होत्या. ताराबाई म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका. कॉपी पकडण्यात त्यांचा हात जैनथपासून आदिलाबादेपर्यंत कोणी धरत नसे. परीक्षेच्या वेळी त्या नुसत्या दारात येऊन उभ्या राहिल्या, तरी खिशातल्या चिठ्ठ्यांना घाम फुटायचा म्हणतात. अशा बाईंच्या नजरेतून कागदावरची चूक सुटणार कशी?

सगळ्यांत वर नाव होतं फकिराचं. हे त्यांचे वडील. त्यांच्याखाली पहिलं नाव थोरल्या भावाचं, देवाजीचं असायला हवं होतं. तिथं ताराबाईंचंच नाव होतं.

"आत्या, झालं का वाचून? कागद भिंतीवर डकवायचा आहे, खळ वाळून राह्यली," सुधाकर म्हणाला. हा धाकट्या भावाचा, महिपतचा मुलगा. आदिलाबादेत कम्प्युटरचा क्लास चालवायचा.

"सुधाकर, दादा कुठं आहे?"

"मोठेबाबा? संध्याकाळच्या बसनं येतील ना. बेल्लमपल्लीहून सगळं गोकुळ घेऊन निघाले."

"बसमधला नाही रे. कागदावरचा."

सुधाकरनं कागद वरून खाली आणि खालून वर पाहिला. देवाजी नव्हता. त्याची बायको, लेकी, सुना, नातवंडं, अगदी मागच्या महिन्यात बारसं झालेली पोरगीसुद्धा नव्हती. अख्खी फांदी कोणी कुऱ्हाडीनं छाटावी तशी गेली होती.

२

ही वंशावळ काय चीज होती, ते सांगायला हवं. गावातल्या पाटलाकडे दरसाल भाट यायचा, ओसरीवर बसून त्यांच्या पिढ्यान्‌पिढ्यांची नावं खड्या आवाजात वाचायचा. बौद्धवाड्याकडे तो कधी फिरकला नाही. दुसऱ्याच्या रानात कापूस वेचणाऱ्यांच्या पिढ्या कोण मोजतो? फकिराच्या आज्याचं नावही म्हणूनच कोणाला ठाऊक नव्हतं.

आता त्याच वाड्यातून मास्तर निघाले, नर्सा निघाल्या, तहसिलीतले कारकून निघाले. सुधाकरनं हैद्राबादेच्या मित्राकडून एक फ्लॉपी आणली. त्यातल्या प्रोग्रामला प्रत्येकाचे आईबाप, जोडीदार आणि लेकरं सांगायची, की तो आपला आपण सगळ्यांच्या गाठी मारून वंशवृक्ष काढायचा. परवा गोधड्यांत गुंडाळून कम्प्युटर ऑटोनं विहारात आला, तेव्हा बघायला पाटलाच्या घरचे लोकही आले होते. सुधाकरनं दारातल्या फळ्यावर खडूनं ठसठशीत लिहिलं होतं: एकूण माणसं १४१. ताराबाई जाता-येता तो आकडा वाचत आणि दरवेळी त्यांची मान ताठ होई.

आणि आता त्यातला देवाजीच गायब! सोळाव्या वर्षी हा भाऊ बेल्लमपल्लीच्या कोळशाच्या खाणीत उतरला. नगराळ्यांत सगळे बुटके, हाच एकटा ताडासारखा. आयुष्यभर जमिनीखाली वाकून राहिला आणि त्याच्या पगारावर तारा शिकली, महिपत शिकला. संध्याकाळी तो नातवंडांना हाताला धरून ही भिंत दाखवणार, आणि भिंतीवर त्याला जागा नसणार. ताराबाईंच्या डोळ्यांत पाणीच आलं. ते त्यांनी रागानं पुसलं.

"काही नाही आत्या," सुधाकर म्हणाला, "परवाची फ्लॉपी आहे. तीच यात भरतो. जसं होतं तसं होईल."

"आणि करणारा मोकळा? आज दादाला काढलं, उद्या आणखी कोणाला काढेल."

"ते मागून पाहू. आधी मोठेबाबा तर परत येऊ द्या." त्यानं फ्लॉपी खाचेत सारली. पडद्यावर हो की नाही असा प्रश्न उमटला. सुधाकरचं बोट 'हो'वर जाणार, तेवढ्यात ताराबाईंनी त्याचं मनगट धरलं.

"थांब! तो खालच्या कोपऱ्यातला आकडा कसला?"

"एकूण माणसांचा."

"एकशे एक्केचाळीसमधून तीस गेले तर किती उरतात?"

"एकशे अकरा."

"मग वाच काय लिहिलंय."

सुधाकरनं वाचलं आणि आ वासला. पडद्यावर १४२ होते.

"तीस माणसं गेली," ताराबाई हळू म्हणाल्या, "आणि एक माणूस वाढलं. कोण रे हे?"

सुधाकर यादी उघडायला गेला आणि पडदा काळा झाला. वरचा पंखाही गरगरत थांबला. वीज गेली होती, आणि मे महिन्यात ती गेली म्हणजे दुपार कलेपर्यंत परत येत नाही, हे बोरीखेडमधलं शेंबडं पोरही सांगेल.

३

वीज नसली म्हणून ताराबाईंचं डोकं बंद पडणार नव्हतं. परीक्षेत कुठं वीज लागते? त्यांनी आधी महिपतला गाठलं.

महिपत तहसिलीत कारकून. घरातही तो मिसल, दस्तऐवज असलेच शब्द वापरी. निमंत्रणपत्रिकेवर पहिलं नाव कोणाचं यावरून महिन्याभरापूर्वी त्याचं देवाजीशी वाजलं होतं. थोरल्या बहिणीनं, अक्कानं, काय विचारलं हे कळताच तो उसळला.

"माह्यावर शक? भांडलो, नाई म्हणत नाई. पण दादाले मिटवीन मी? त्याच्या जिवावर खुर्चीत बसलो ना!"

"काल दुपारी सुधाकर प्रिंटरची रिबन आणायला शहरात गेला होता. कम्प्युटरजवळ तूच होतास."

"होतो. पण सगळा वाडा येऊन गेला. मले त्यातल्या फक्त बाणाच्या कळा दाबता येतात, वर-खाली. सुधाकरशिवाय ते यंत्र येते कोणाले? हां, खुशालनं शाळेत ट्रेनिंग केलं. तो मायले हाताला धरून घेऊन आला होता. मी जरा आडवा झालो होतो."

"नावं तूच लिहून घेतली होतीस ना मायकडून?"

"मीच! अन काय सांगू अक्का, लय मजा आली." महिपतचा राग कुठल्या कुठं गेला. "मायले सगळ्यायची जन्मसालं पाठ. पण बापाचं नाव विचारलं का पदर तोंडात! तुयाबी वेळी, माह्याबी वेळी. नुसती बाच्या फोटोकडं बोट करे. दादाच्या वेळी तर तेवढंबी केलं नाई, दाराबाहेर पाहत बसली. म्हटलं, म्हातारी थकली असंल. मी आपलं फकिरा लिहून मोकळा झालो."

ताराबाई हसल्या. जुन्या काळची बाई, नवऱ्याचं नाव कशी घेईल? पण दोन पावलं गेल्यावर त्यांचं हसू थांबलं. दाराबाहेर काय होतं पाहण्यासारखं?

४

खुशाल देवाजीचा थोरला मुलगा. मंचेरियलला शाळेत मास्तर होता आणि तयारीसाठी दोन दिवस आधी आला होता. विहारासमोर शिडीवर चढून तो पंचशीलाच्या पताका बांधत होता. उंची बापासारखी, त्यामुळे शिडीची त्याला तशी गरजही नव्हती.

"खुशाल, कागदावरून तुमची फांदी गेली रे," ताराबाई खालून म्हणाल्या.

खुशालच्या हातातली सुतळी सुटली. "अख्खी?" तो म्हणाला.

"अख्खी. तुझा बाप, तू, तुझी लेकरं."

तो खाली उतरला आणि पायानं माती उकरत राहिला. "छापून झालं का सगळं? परत छापता नाही येणार, आत्या?"

"येईल. काल दुपारी तू तिथं काय करत होतास?"

"आजीला नावं पाहायची होती. सुधाकरनं तिला सकाळी वाचून दाखवली होती, पण तिला परत पाहायची होती. म्हणून नेलं."

"आणखी काही?"

"आत्या, उद्या सकाळपर्यंत मला काही विचारू नका. शब्द दिलाय." एवढं बोलून तो पुन्हा शिडीवर चढला आणि बांधलेलीच पताका बांधू लागला.

पोरगं घाबरलेलं होतं, पण ते चोराचं घाबरणं नव्हतं. गणित बरोबर केलं आणि उत्तर भलतंच आलं की हुशार मुलाचा चेहरा जसा होतो, तसा तो झाला होता. आणि आपलीच फांदी आपल्या हातानं कोण छाटतं? शब्द तरी कोणाला दिला असेल त्यानं?

५

भागाबाई, म्हणजे माय, घरामागच्या निंबाखाली बाजेवर बसली होती. वय ऐंशीच्या पुढं, पण कान तिखट. गल्लीत लोबानचा धूर घेऊन कोणी ललकारी दिली.

"तारे, धुरावाला बावा आला. त्याले भाकर दे."

ताराबाईंनी भाकर दिली. त्याला अख्खं गाव फकीर म्हणतं, फक्त माय म्हणत नाही. नवऱ्याचं नाव फकिरा, मग तो शब्द तिच्या तोंडून निघेलच कसा? वडिलांना जाऊन किती वर्षं झाली, तरी मायचा नेम मोडला नव्हता. त्या परत येऊन बाजेवर टेकल्या.

"माय, काल कम्प्युटर पाहायला गेली होतीस म्हणे."

"गेली होती. चांगलं यंत्र हाये. सांगते ते ऐकते."

"तू काय सांगितलं त्याला?"

"मी काय सांगन? मले कुठं वाचता येते!" मायनं तोंड फिरवलं. "उद्या सारे जमले का बोलन मी. तुले काऊन येवढी घाई? पाणी दे मले. अन नळाचं नोको, खारं लागते. वरच्या विहिरीचं आन."

जास्त छेडण्यात अर्थ नव्हता. ताराबाई बादली आणि दोर घेऊन निघाल्या. वाड्याच्या वरच्या अंगाला ती विहीर होती. पाटलाच्या विहिरीवर शिवू देत नसत त्या काळात वाड्यानं स्वतःच्या हातानं खडकात खोदलेली. ताराबाईंचं सगळं लहानपण तिच्या पाण्यावर गेलं.

वाटेत शेजारची वच्छलाबाई दारात गहू निवडत होती. "काऊन बाई, भर उन्हात लटारीच्या विहिरीवर निघाल्या?"

"हो गं, मायला तेच पाणी..." ताराबाई बोलता बोलता थांबल्या.

दोर हातातून गळून पडला. वच्छलाबाई उठून आली, तिला वाटलं ऊन लागलं. ताराबाईंनी तिच्याकडे पाहिलंही नाही. "वच्छला, मायला एवढं पाणी नेऊन दे," म्हणत त्यांनी बादली तिच्या हातात दिली आणि त्या झपाझप विहाराकडे वळल्या. एक चप्पल वच्छलाबाईच्या दारातच राहिली होती, हे त्यांना नंतर कळलं.

६

वीज आली तेव्हा विहारात सुधाकर, महिपत आणि खुशाल ताराबाईंसमोर मुकाट उभे होते. पाचवीच्या वर्गात पोरं उभी राहतात तशीच तिघं उभी होती, महिपतच्या डोक्यावर टक्कल होतं एवढाच फरक.

"माणसांच्या यादीत 'ल' पाशी जा," ताराबाई म्हणाल्या. "लटारी नावाचा माणूस शोध."

"कोण लटारी? असं कोणी भरलंच नाही आपण," सुधाकर म्हणाला, पण त्याची बोटं चालत होती. मग ती थांबली. "आत्या... आहे. लटारी पाझारे. बायको भागाबाई. मुलगा..." त्यानं ओळ पुन्हा एकदा वाचली. "मुलगा एकच. देवाजी."

महिपत पुढं येऊन पडद्यावर वाकला. प्रिंटरवरचा हिरवा दिवा तेवढा लुकलुकत होता.

"अक्का, तुले कसं कळलं?" महिपतनं कसंबसं विचारलं.

"आकड्यानं सांगितलं. तीस माणसं पुसली असती तर आकडा उतरला असता. तो चढला. म्हणजे कोणी मेलं नाही, पुसलं नाही. एक नवीन माणूस आलं आणि देवाजीची फांदी त्याच्या खोडाला लागली. सुधाकरनं कागद छापला फकिरापासून. मग दुसऱ्या खोडाची माणसं त्यावर येणार कशी?"

"पण नाव?"

"नाव मायनं सांगितलं, न बोलता. ती फकीर म्हणत नाही, हे आपण सगळे जाणतो आणि हसतो. पण सगळा वाडा लटारीची विहीर म्हणतो, ती एकटीच वरची विहीर म्हणते. मी जन्मल्यापासून ऐकत आले आणि कधी ऐकलं नाही. बाई कोणाचं नाव टाळते रे? तू तिला दादाच्या बापाचं नाव विचारलंस, तिनं फोटोकडं बोट केलं नाही. दाराबाहेर पाहिलं. तिथून विहीर दिसते. तिनं उत्तर दिलं होतं, महिपत. तुला वाचता आलं नाही."

महिपत मटकन खाली बसला. त्यानं लाजेपायी गप्प बसलेल्या आईला थकलेली समजून, एका फटक्यात एका माणसाचा मुलगा दुसऱ्याच्या नावावर चढवला होता.

"आणि हे यंत्र चालवता येणारे दोघं. सुधाकर शहरात होता." ताराबाई खुशालकडे वळल्या. "तुझी फांदी गेली म्हटल्यावर कोणीही विचारलं असतं, 'कोणी काढली?' तू विचारलंस, 'अख्खी?' तू एक नाव भरलंस आणि वाटलं, बाकीचं जागच्या जागी राहील."

खुशालच्या डोळ्यांतून धारा लागल्या, पण मान खाली गेली नाही. "आजी रडली, आत्या. सुधाकरनं वाचलं, देवाजी, बाप फकिरा, आणि ती घरी येऊन रडली. मला तिनं सगळं सांगितलं. वाड्याला पाणी नव्हतं. दिवसभर दुसऱ्याच्या रानात राबून लटारी आजोबा संध्याकाळी विहिरीसाठी खडक फोडायचे. चार माणसं हसायची, मग तीच चार माणसं मदतीला आली. पाणी लागलं आणि त्याच साली ते तापानं गेले. बाबा रांगत होते. मग फकिरा आजोबांनी आजीशी पाट लावला, आणि वाड्याला सांगितलं, हा पोरगा माझा आहे, कोणी वेगळं बोलायचं नाही. कोणी बोललं नाही. बोलणारे सगळे गेले. आजी म्हणाली, मी मेली का विहिरीला नाव राहील, पण नावाला माणूस राहणार नाही."

ताराबाईंना आधी आपल्या वडिलांची आठवण झाली. बाजारात देवाजीला खांद्यावर आणि त्यांना बोटाला धरून चालणारे बा. सहा लेकरं स्वतःची होती, पण खांदा देवाजीसाठीच असे. त्यांना वाटायचं, थोरला म्हणून. छाती भरून आली त्यांची. अशा दोन माणसांच्या घरात आपण जन्मलो, आणि पाटलाच्या भाटाची पोथी आपल्याला मोठी वाटत होती!

"पण आता छापायचं कसं?" सुधाकर रडकुंडीला आला. "फकिरा आज्यापासून छापलं तर मोठेबाबा सुटतात. लटारी आज्यापासून छापलं तर आपण सगळे सुटतो. प्रोग्राम एका वेळी एकाच माणसापासून सुरू होतो."

"मग एकाच माणसापासून सुरू कर," ताराबाई म्हणाल्या. "कम्प्युटरला काय, त्याला बाई चालत नाही का?"

सुधाकरनं क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं. मग त्यानं जीभ चावली, नाव टाकलं आणि कळ दाबली. प्रिंटर टरटरू लागला.

७

बस आली तेव्हा ऊन कललं होतं. देवाजी विहाराच्या दारातून सवयीनं वाकून आत आला. मागं लेकी, सुना, नातवंडांची रांग. मधोमध खुर्चीत माय बसली होती. देवाजी भिंतीपाशी गेला आणि बोटानं एकेक नाव वाचू लागला. लटारीच्या नावापाशी बोट थांबलं.

"हे कोणी लिहिलं?" त्यानं विचारलं.

"दादा, तुला ठाऊक होतं?"

"व्हय. बानंच सांगितलं होतं. खाणीत जायच्या आदल्या दिवशी विहिरीच्या काठावर नेलं मले. म्हणे, हे खोदलं तो तुया बाप. अन मीबी तुया बाप. दोघायलेबी खाली पाहायला लावू नोको." देवाजी मायकडे वळला. "माय कधी बोलली नाई, म्हणून मीबी बोललो नाई."

तेव्हा भागाबाई खुर्चीचा हात धरून उठली. महिपत आधाराला धावला, तिनं त्याला झटकलं. डोक्यावरचा पदर नीट केला आणि नव्या नवरीसारखी जमिनीकडे पाहत, पण सगळ्या विहाराला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली:

"खडक फोडून काढला ज्यानं गोड्या पाण्याचा झरा,
लटारीचं नाव घेते, देवाजीचा बाप खरा.
खांद्यावर बसवून लेकरू दाखवला बजार सारा,
फकिराचं नाव घेते, तोबी बाप खरा!"

दारातल्या वच्छलाबाईनं पहिली टाळी वाजवली, आणि मग विहाराचे पत्रे दणाणले. देवाजी मायच्या पायाशी बसला होता आणि लहान पोरासारखा रडत होता. ते लपवायची त्याला गरज वाटली नाही. सुधाकर फळ्यापाशी गेला, १४१ पुसून १४२ लिहिलं आणि आकडा दोनदा गिरवला.

गलका शमल्यावर मायनं ताराबाईंना जवळ बोलावलं. "तारे, मायं नाव कोणतं हाये त्यात?"

ताराबाईंनी तिचं बोट धरलं आणि कागदावर नेऊन टेकवलं. हात बराच वर न्यावा लागला. माय बोटाकडे पाहत राहिली, मग खाली पसरलेल्या सगळ्या रेघांकडे, एका बाजूला लटारीच्या, एका बाजूला फकिराच्या.

"इथं? सगळ्यायच्या वर?"

"हो माय. सगळे तुझ्यापासूनच सुरू होतात."

"बरं केलं," भागाबाई म्हणाली. तिनं बोट काढलं नाही. "जा आता, देवाजीले पाणी आन. लटारीच्या विहिरीचं."